स्वस्त मदरबोर्डांच्या तुलनेची व्हिडिओ मालिका : प्रेक्षक म्हणून आपले म्हणणे

तांब्याची_तार (धागालेखक)

परवडणाऱ्या मदरबोर्डांची तुलना करणारी एक बहुभागी व्हिडिओ मालिका मी नुकतीच पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एएमडीच्या बाजूने ए520, बी450 आणि बी550, तर इंटेलच्या बाजूने एच610, बी660 आणि बी760 या चिपसेटांवरचे (बोर्डाच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपांवरचे) बोर्ड तिच्यात घेतले आहेत. पुढच्या भागांत एएमडीच्या एएम5 सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे) ए620 आणि बी650 बोर्ड येणार असून त्याआधी निर्मात्यांनी प्रेक्षकांचे अभिप्राय मागवले आहेत. येथे ही मालिका पाहिलेले बरेच सदस्य आहेत, तेव्हा आपले म्हणणे एकत्र करून पाठवावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

आधी जे मनापासून आवडले ते सांगतो. प्रत्येक बोर्डाचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काढून खालचे भाग दाखवले आहेत, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचा कंट्रोलर कोणता आहे आणि मॉस्फेट (विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच) कोणते आहेत हे वाचून सांगितले आहे. खोक्यावर छापलेला फेजचा (वीजपुरवठा वाटून घेणाऱ्या समांतर शाखांचा) आकडा आणि प्रत्यक्षातले फेज यांत पुष्कळदा अंतर असते. एकाच फेजला दोन कॉइल जोडून आकडा दुप्पट सांगितला जातो. हे अंतर मालिकेने बोट ठेवून दाखवले. पाच-सात हजारांच्या बोर्डासाठी एवढी मेहनत सहसा कोणी घेत नाही.

माझा मुख्य आक्षेप तापमानाच्या चाचणीबद्दल आहे. चाचणी वातानुकूलित खोलीत, सुमारे 22 अंशांवर, कॅबिनेटविना मोकळ्या टेबलावर आणि थोड्याच वेळासाठी घेतली आहे. हा बोर्ड ज्यांच्या घरी जाणार त्यांच्याकडे यातली एकही गोष्ट नसते. जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात दुपारी बाहेर 45 अंश असतात आणि कूलर चालू असूनही खोलीचे तापमान 35 च्या खाली येत नाही. त्यात बोर्ड बंद कॅबिनेटमध्ये, बहुतेक वेळा मागच्या एकाच पंख्याच्या भरवशावर. स्वस्त बोर्डाचा खरा कस तिथेच लागतो.

याचे कारण थोडे सविस्तर सांगतो. एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून) बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला साधारण 1.2 व्होल्टच लागतात. हे रूपांतर व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरचा व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग, करतो. 120 वॉट घेणाऱ्या प्रोसेसरला 1.2 व्होल्टवर 100 अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. बोर्डावर खरे चार फेज असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 25 अँपिअर येतात. आठ असतील तर 12.5. मॉस्फेटच्या रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच दर्जाचे मॉस्फेट धरले तर चार फेजच्या बोर्डावर या कारणाने होणारी एकूण उष्णता आठ फेजच्या बोर्डाच्या दुप्पट होते, आणि ती निम्म्याच जागेतून बाहेर पडते. सर्वांत स्वस्त बोर्डांवर तर त्या जागी हीटसिंकही नसतो.

मॉस्फेट स्वतः बरीच उष्णता सोसतात. त्यांच्याशेजारी बसलेल्या कपॅसिटरांचे (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागांचे) तसे नाही. कपॅसिटरचे आयुष्य कंपनी 105 अंशांवर 5000 तास अशा भाषेत देते, आणि तापमान 10 अंशांनी उतरले की ते साधारण दुप्पट होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणजे 22 अंशांच्या खोलीत केलेली मोजणी आणि 38 अंशांच्या खोलीतला वापर यांत फरक केवळ 16 अंशांचा दिसला, तरी आयुष्याच्या हिशेबात तो जवळपास तिपटीचा होतो. तीन वर्षांची वॉरंटी संपल्यावर चौथ्या उन्हाळ्यात बोर्ड गेला, तर घेणाऱ्याने दाद मागायची कोणाकडे?

म्हणून माझी सूचना अशी की, तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश जास्त भरले ते द्यावे, चाचणी निदान एक तास चालवावी, आणि प्रत्येक बोर्ड एकदा तरी साध्या, स्वस्त कॅबिनेटमध्ये बसवून तपासावा.

---

रात्रपाळी

खोलीच्या वर किती अंश हा आकडा मिळाला, तर ज्याला त्याला आपल्या गावचे तापमान त्यात मिळवता येईल, हे पटते. एका गोष्टीची भर घालते. मालिकेत प्रोसेसर थंड ठेवायला सगळीकडे पाणी फिरवणारा कूलर वापरला आहे. त्याने प्रोसेसर थंड राहतो, पण सॉकेटच्या आसपास वारा फिरत नाही. प्रोसेसरसोबत खोक्यात मिळणारा पंखा खाली फुंकतो आणि त्यातली थोडी हवा व्हीआरएमवरूनही जाते. स्वस्त बोर्ड घेणारे बहुतेक लोक तोच पंखा वापरतात, त्यामुळे इथे चाचणी प्रत्यक्षापेक्षा कडक झाली आहे. खोलीच्या बाबतीत ती सौम्य होती, कूलरच्या बाबतीत कडक. दोन्ही चुका एकमेकींना फेडतील असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

---

जुळणीवाला_लॅमिंग्टन

मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवून देण्याचे काम करतो. धागालेखकांचा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, परंतु माझी तक्रार वेगळी आहे आणि ती अधिक मूलभूत आहे असे मला वाटते. मालिकेने एच610 बोर्डावर आय9 हा इंटेलचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर बसवून तो कसा दमतो ते दाखवले. एच610 वर आय9 मागणारे गिऱ्हाईक माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे येणारे आई-वडील मुलाच्या अभियांत्रिकीसाठी संगणक मागतात, लेखापाल टॅलीसाठी मागतात, एखादा फोटो स्टुडिओवाला येतो. त्यांच्या संगणकात इंटेलचा आय3, आय5-12400 किंवा एएमडीचा रायझन 5 5600जी बसतो. 12400 ची मूळ मर्यादा 65 वॉट आहे आणि पूर्ण जोर लावला तरी 117 वॉट. असा प्रोसेसर बऱ्यापैकी एच610 बोर्ड आरामात चालवतो. आय9 लावून त्या बोर्डाला नापास केले की गिऱ्हाईक घाबरते आणि चार हजार रुपये जास्त देऊन बी760 घेते. तेच चार हजार रॅममध्ये किंवा चांगल्या एसएमपीएसमध्ये घातले असते, तर त्याचे अधिक भले झाले असते.

त्यातही 5600जी घेणाऱ्यांबद्दल मालिकेत एक वाक्य हवे होते. हे लोक बहुधा ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागवतात. त्यांच्यासाठी रॅमची एक पट्टी की दोन, हा प्रश्न बोर्डाच्या फेजपेक्षा मोठा आहे. 16 जीबीची एकच पट्टी लावली तर ग्राफिक्सचा वेग लक्षात येईल इतका पडतो, 8 जीबीच्या दोन लावल्या तर तोच संगणक निराळा वाटतो. दुकानात पैसे वाचवण्याच्या नादात एक पट्टी लावून दिली जाते, हे मी रोज पाहतो.

---

तांब्याची_तार (धागालेखक)

आपण म्हणता तसा आय9 चा देखावा टाळता आला असता, याबद्दल दुमत नाही. परंतु केवळ आज बसणाऱ्या प्रोसेसरवर चाचणी थांबवली, तर स्वस्त बोर्ड घेणाऱ्याचे दुसरे मोठे गणित नजरेआड होते. हा वर्ग संगणक एकदम बदलत नाही, टप्प्याटप्प्याने वाढवतो. आज रायझन 5 घेतो आणि चार वर्षांनी त्याच बोर्डावर बसणारा मोठा प्रोसेसर, कधी सेकंडहँड, शोधतो.

एएमडीच्या आधीच्या एएम4 सॉकेटचे उदाहरण घ्या. पहिले रायझन मार्च 2017 मध्ये आले, आणि त्याच सॉकेटवर एप्रिल 2022 मध्ये 5800एक्स3डी मिळाला. पाच वर्षे एक सॉकेट टिकला. पण हे आपोआप घडलेले नाही. 2020 च्या वसंतात एएमडीने जाहीर केले होते की, झेन 3 पिढीचे (रायझन 5000) प्रोसेसर बी450 आणि एक्स470 चिपसेटांवर चालणार नाहीत. अनेक बोर्डांवरची बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) चिप 16 मेगाबाइटची असल्याने सगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर तिच्यात मावत नाहीत, हे त्यामागचे एक कारण दिले गेले. ज्यांनी पुढच्या पिढीच्या भरवशावर बी450 घेतला होता त्यांच्याकडून, समीक्षकांकडून आणि प्रेक्षकांकडून जोराचा विरोध झाला आणि त्याच मे महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. पुढे 2022 मध्ये ए320, बी350 आणि एक्स370 या पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही रायझन 5000 ची अधिकृत वाट मोकळी झाली.

ग्राहक आणि प्रेक्षक बोलले की काय बदलते, याचे एवढे ठळक उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडेल. म्हणूनच या मालिकेला अभिप्राय पाठवण्याचा मी आग्रह धरतो आहे.

आता यातून चाचणीबद्दल निघणारा मुद्दा. 5800एक्स3डी हा 105 वॉट वर्गातला प्रोसेसर आहे, आणि त्या वर्गासाठी सॉकेटमधून 142 वॉटपर्यंत वीज जाऊ शकते. आज 5600 घेणाऱ्याला उद्या तो बसवता येईल का, याचे उत्तर व्हीआरएममध्ये आहे. इंटेलच्या बाजूला 12400 च्या जागी पुढे आय7-12700 येऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा 180 वॉट आहे. तेव्हा आय9 नको, पण 12400 वरच थांबणेही नको. त्या बोर्डाचा मालक भविष्यात खरोखर घेईल असा मोठ्यात मोठा प्रोसेसर कोणता, हे ठरवून त्यावर चाचणी करावी.

---

जुळणीवाला_लॅमिंग्टन

हे मान्य आहे. 12400 आणि 12700 अशी जोडी घेतली, तर मी माझ्या गिऱ्हाइकाला त्या चाचणीवरून काही सांगू शकेन.

---

मापनशास्त्र

तापमान कशाने मोजले, याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मालिकेत अर्ध्या ठिकाणी उष्णता टिपणारा कॅमेरा वापरला आहे आणि अर्ध्या ठिकाणी बोर्डाचा स्वतःचा सेन्सर. ही दोन मापे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडणे मला गंभीर दोष वाटतो.

अशा कॅमेऱ्याला वस्तूचे तापमान थेट कळत नाही. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांवरून तो अंदाज बांधतो. चकचकीत अॅल्युमिनियम हे किरण फार थोडे सोडते आणि समोरच्या वस्तूंचे किरण परत फेकते. त्यामुळे चकचकीत हीटसिंक प्रत्यक्षात 80 अंशांवर असला, तरी पडद्यावर तो बराच थंड दिसतो, आणि शेजारचा काळ्या रंगाचा हीटसिंक मात्र आहे तसा दिसतो. मालिकेच्या दुसऱ्या भागात चंदेरी हीटसिंकचे दोन्ही बोर्ड सर्वांत थंड ठरले आहेत, हे मला योगायोग वाटत नाही. उपाय अगदी स्वस्त आहे. विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी हीटसिंकवर लावायची, ती तापेपर्यंत थांबायचे आणि कॅमेरा त्या पट्टीवर रोखायचा.

सेन्सरबद्दलही तेच. काही स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमपाशी सेन्सरच नसतो, आणि जिथे असतो तिथे तो मॉस्फेटपासून किती दूर बसवला आहे यावर आकडा ठरतो. बोर्डाच्या पाठीमागे, मॉस्फेटच्या बरोबर खाली, एक थर्मोकपल (तापमान मोजणारी) तार चिकटवली तर सगळ्या बोर्डांची मोजणी एका पायावर येईल. ही तार काही शे रुपयांत मिळते.

---

रात्रपाळी

चिकटपट्टीची युक्ती मी लिहून ठेवली. माझा स्वतःचा प्रश्न व्हीआरएमचा नाही, जोडण्यांचा आहे. मी लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करते आणि माझ्या संगणकाला एक एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी व चार साटा (केबलने जोडायच्या) हार्ड डिस्क जोडाव्या लागतात. बी450 च्या काही बोर्डांवर एम.2 खाचेत एसएसडी बसवली की दोन साटा पोर्ट बंद पडतात. कोणत्या बोर्डावर कोणते पोर्ट बंद होतात, हे फक्त माहितीपुस्तिकेच्या मधल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरांत असते. संगणक जुळवून झाल्यावर एक डिस्क दिसेनाशी झाली की घेणाऱ्याला वाटते डिस्कच बिघडली. मालिकेने प्रत्येक बोर्डाचे पोर्ट मोजले, पण एकाच वेळी किती चालतात हे सांगितले नाही. माझ्यासारख्यांना तोच आकडा हवा आहे.

एच610 बद्दलही अधिक स्पष्टपणे बोलायला हवे होते. त्यावर रॅमच्या जागा दोनच असतात. प्रोसेसरकडून एसएसडीला थेट मिळू शकणारी पीसीआयई (एसएसडी, ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा मार्ग) 4.0 ची वाट या चिपसेटवर वापरता येत नाही, त्यामुळे एसएसडी चिपसेटमधून 3.0 च्या वेगाने चालते. सेकंदाला 7000 मेगाबाइट वेगाची एसएसडी विकत घेऊन तिच्याकडून साडेतीन हजारांच्या आसपासच काम घेता येते. टॅली वापरणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. दिवसभर 4के चित्रण इकडून तिकडे हलवणाऱ्याला पडतो.

---

तांब्याची_तार (धागालेखक)

याच धाग्याला जोडून ग्राफिक्स कार्डाचे एक उदाहरण देतो, कारण स्वस्त बोर्ड आणि स्वस्त कार्ड यांची गाठ कशी पडते ते मालिकेत आले नाही. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या आरएक्स 6500 एक्सटी या कार्डाला पीसीआयईच्या चारच लेन (माहितीच्या वाटा) आहेत. बी550 वर योग्य प्रोसेसर असेल, तर त्या 4.0 च्या वेगाने चालतात आणि भागते. ए520 किंवा बी450 वर त्याच चार लेन 3.0 च्या वेगाने चालतात, वाहतुकीची क्षमता निम्म्यावर येते, आणि कार्डावरची 4 जीबी मेमरी भरली की खेळांमध्ये वेग चांगलाच घसरतो. म्हणजे ज्याने दोन्हीकडे पैसे वाचवले, त्याचेच नुकसान सर्वांत जास्त.

उलट बाजूही आहे. 5600जी आणि रायझन 5 5500 हे प्रोसेसर स्वतःच पीसीआयई 3.0 चे आहेत. त्यांच्याकरिता 4.0 च्या नावाखाली बी550 घेतला, तर ते 4.0 कधीच वापरात येत नाही. बोर्ड एकटा तपासून हे दिसत नाही. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यासह तो तपासला पाहिजे.

---

जुळणीवाला_लॅमिंग्टन

धंद्यातली एक अडचण सांगतो, जी कोणत्याही मालिकेला चकवू शकते. काही बोर्डांचे नाव तेच राहते आणि आतला माल बदलतो. पहिल्या आवृत्तीत चांगले मॉस्फेट असतात, समीक्षा होतात, नाव होते. मग दुसऱ्या आवृत्तीत फेज कमी होतात किंवा हीटसिंक लहान होतो. खोक्याचे चित्र तेच. फरक कळतो तो बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यावरून, 1.0, 1.1, 2.0 असा. मी माल उतरवून घेताना खोक्यावरच्या स्टिकरवर तो आकडा पाहतो. दुकानात येणारे गिऱ्हाईक पाहत नाही आणि ऑनलाइन मागवणाऱ्याला बोर्ड हातात येईपर्यंत कळत नाही. मालिकेने तपासलेल्या प्रत्येक बोर्डाचा आवृत्ती क्रमांक आणि चाचणीच्या वेळी असलेली बायोस आवृत्ती पडद्यावर लिहावी, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

बायोसबद्दल आणखी एक. बी450 चा जुना साठा अजून कुठे कुठे निघतो. त्यावर रायझन 5000 लावला आणि बायोस जुना असला, तर पडदा काळाच राहतो. ज्या बोर्डावर प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असते, तिथे दहा मिनिटांत काम होते. नसेल, तर जुना प्रोसेसर शोधा. गावाकडच्या माणसाला त्यासाठी शहर गाठावे लागते. ते बटण आहे की नाही, ही माहिती रंगीत दिव्यांच्या आधी यावी.

---

मापनशास्त्र

कार्यक्षमतेच्या तक्त्यांवर एक शेवटचा आक्षेप नोंदवतो. एकाच प्रोसेसरने एका बी660 बोर्डावर दुसऱ्यापेक्षा लक्षणीय जास्त गुण मिळवले, म्हणून पहिला बोर्ड 'वेगवान' असे तिसऱ्या भागात म्हटले आहे. बोर्ड वेगवान नसतो. पुष्कळ बोर्ड कारखान्यातून येतानाच इंटेलच्या वीजमर्यादा उठवून येतात, दुसरे त्या पाळतात. 12700 ला एका बोर्डाने दीर्घकाळ 180 वॉट दिले आणि दुसऱ्याने थोड्या वेळाने 65 वर आणले, तर गुणांतला फरक त्या सेटिंगचा आहे, आणि तो बायोसमध्ये जाऊन एका मिनिटात मिटवता येतो, अर्थात व्हीआरएमला तेवढे झेपत असेल तर. म्हणून प्रत्येक बोर्ड दोनदा तपासावा : एकदा खोक्यातून काढला तसा, आणि एकदा सर्वांना समान मर्यादा घालून. पहिल्या फेरीत कंपनीने कोणती सेटिंग देऊ केली ते कळेल, दुसरीत बोर्ड कळेल.

---

तांब्याची_तार (धागालेखक)

वरील सर्व मुद्दे मी पत्रात घेत आहे. एएम5 च्या भागांसाठी दोन गोष्टी त्यात जोडतो, कोणाची हरकत असल्यास कळवावे.

पहिली ए620 बद्दल. या चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) होत नाही, पण रॅमचे एक्सपो प्रोफाइल (वाढीव वेगाची तयार सेटिंग) चालते, आणि तो मुळात 65 वॉट वर्गाचे प्रोसेसर डोळ्यांसमोर ठेवून आणलेला आहे. रायझन 5 7600 साठी सॉकेटची मर्यादा 88 वॉट आहे. 7950एक्स साठी ती 230 वॉट. सॉकेट एकच असल्यामुळे दोन्ही त्यात बसतात, आणि नेमकी इथेच घेणाऱ्याची फसगत होऊ शकते. प्रत्येक ए620 बोर्डाच्या अधिकृत यादीत कोणते प्रोसेसर आहेत, हे मालिकेने वाचून दाखवावे आणि वरच्या चर्चेप्रमाणे 7600 सोबत 105 वॉट वर्गातला एक प्रोसेसर लावून तासभर चालवावा.

दुसरी गोष्ट बायोसच्या देखभालीची. एप्रिल 2023 मध्ये रायझन 7000एक्स3डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यानंतर एएमडीने बायोसमधून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकासारख्या भागांच्या व्होल्टेजवर) 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरांच्या अस्थिरतेवरही ऑगस्ट 2024 पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय बायोसमार्गेच आले. असे अपडेट महागड्या बोर्डांना लगेच मिळतात. सहा-सात हजारांच्या बोर्डाला ते किती दिवसांनी मिळाले, हे कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तारखांवरून कोणालाही काढता येते. मालिकेने एवढा एक रकाना वाढवावा. त्याला ना कॅमेरा लागतो, ना थर्मोकपल.

---

जुळणीवाला_लॅमिंग्टन

हरकत नाही. साध्या कॅबिनेटमधल्या चाचणीसाठी नेमके कोणते कॅबिनेट, असे ते विचारतील. पुढे जाळीऐवजी सपाट काच आणि मागे एकच 120 मिलिमीटरचा पंखा, असे लिहा. सध्या सर्वांत जास्त तेच विकले जाते.